केशरंग, गर्भ आणि कसोटी



काळी नदीच्या जलाशयाखाली गेलेले जुने सुपे ज्यांच्या मनात अद्याप आहे, त्यांच्यापुढे केशरंगांविषयी बोलताना थोडा संकोच वाटतो. परंतु हा विषय मला घरातच मिळाला. गतवर्षी डोहाळजेवणाच्या तयारीत असलेल्या भाचीने विचारले, "मावशी, केसांना काळी मेंदी लावली तर चालेल ना? मेंदीच तर आहे!"

मेंदीच्या पानाचा रंग तांबूस. ती काळाभोर रंग देऊ लागली की तीत पॅराफेनिलीनडायअमाइन मिसळले असल्याची शंका घ्यावी. कायम टिकणाऱ्या बहुतेक केशरंगांत हाच पदार्थ किंवा त्याचे भाऊबंद असतात.

१९७५ मध्ये अमेरिकेत ब्रूस एम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे १६९ केशरंग जिवाणूंवर तपासले. त्यांपैकी १५० रंगांनी जिवाणूंच्या जनुकांत बदल घडविले. खळबळ उडाली. पण जिवाणूला ना वार असते, ना गर्भ. आणि गर्भवती स्त्रीवर प्रयोग करणे हे तर पापच. म्हणून गाभण उंदीर व ससे यांवर परीक्षा होऊ लागल्या. दोन जाती कशासाठी? १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीस आलेल्या आणि १९६१ मध्ये मागे घेतलेल्या थॅलिडोमाइडने तो धडा दिला. सशांच्या पिलांत दिसणारे व्यंग उंदरांच्या पिलांत सहसा दिसत नाही.

तरीही प्राण्याच्या पोटात घातलेली मात्रा आणि टाळूवरचा लेप यांत अंतर आहेच. त्यासाठी त्वचेचा तुकडा एका पात्रावर ताणून बसवितात, वरून रंग लावतात आणि खालच्या द्रवात किती उतरला ते मोजतात. उतरतो तो अल्पांशच. प्राण्यांत निरुपद्रवी ठरलेल्या मात्रेच्या शंभराव्या हिश्शाहून अधिक शरीरात जाऊ नये, असा संकेत आहे: दहापट प्राणी आणि माणूस यांतील फरकासाठी, दहापट माणसामाणसांतील फरकासाठी.

भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करण्यास बंदी घातली. मला ती योग्य वाटते. मात्र काचेच्या बशीत नऊ महिने उभे करणे कठीण, हेही मान्य केले पाहिजे. आपल्या नियमांनुसार केशरंगाच्या वेष्टनावर इंग्रजी व स्थानिक भाषांत इशारा छापावा लागतो. तो त्वचेच्या दाहाविषयी आणि डोळ्यांविषयी आहे. गर्भाविषयी त्यात अक्षर नाही.

भाचीला मी म्हटले, "पहिले तीन महिने बाळाची इंद्रिये घडतात, तेव्हा रंग टाळणेच बरे. तुझे ते दिवस सरले आहेत. पण ते पाकीट आधी दाखव."

तिने आणून दिले. पाकिटावर मेंदीचे हिरवे पान छापलेले होते. घटकांची यादी कुठेच नव्हती.