वेग यंत्राचा की विचाराचा?

कोविडच्या काळात डेल्टा, ओमायक्रॉन ही नावे घराघरांत पोहोचली. विषाणूचा कोणता प्रकार कोणापासून फुटला, हे ठरवताना जनुकीय फरकांवरून त्यांची वंशावळ काढावी लागते. हे काम संगणकाचे. पण त्यालाही घाम फुटावा असे. चार प्रजातींचे नाते दाखवणाऱ्या वंशावळी तीनच असू शकतात; दहा प्रजातींच्या वीस लाखांहून अधिक, तर तेरा प्रजातींच्या सुमारे १,३७५ कोटी!

अमेरिकेतील संगणकशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड बेडर यांनी या प्रश्नाला हात घातला. महागड्या खास यंत्रांऐवजी बाजारात मिळणारे प्रोसेसर लिनक्सवर एकत्र जोडून त्यांनी १९९९च्या सुमारास न्यू मेक्सिको विद्यापीठात ‘रोडरनर’ हा महासंगणक उभारला होता. त्यानंतर सहकाऱ्यांसह त्यांनी ‘ग्रप्पा’ ही प्रणाली लिहिली. घंटेच्या आकाराची फुले येणाऱ्या एका कुळातील बारा वनस्पती आणि तुलनेसाठी तंबाखू, अशा तेरा प्रजातींची वंशावळ त्यांना शोधायची होती. आधीच्या प्रणालीला ज्यासाठी शतकाहून अधिक काळ लागला असता, ते काम दोन तासांच्या आत झाले. वेग सुमारे दहा लाख पट वाढला होता.

त्यातली खरी गंमत पुढेच आहे. हे काम ‘रोडरनर’वर नव्हे, तर दुसऱ्या यंत्रावर झाले; त्यात प्रोसेसर होते ५१२. म्हणजे यंत्रामुळे वेग वाढला तो सुमारे पाचशे पट. उरलेला सुमारे दोन हजार पट वेग गणनेची पद्धत सुधारल्याने मिळाला. पुढच्या सुधारणांत तर न जुळणाऱ्या वंशावळी पूर्ण तपासण्याआधीच बाद होऊ लागल्या.

बेडर यांना २०२१ मध्ये सिडनी फर्नबाख पुरस्कार मिळाला. न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते आता विदाविज्ञान, म्हणजे डेटा सायन्स, या क्षेत्रात काम करतात.

आम्हा डॉक्टरांना ही रीत ओळखीची आहे. ‘डॉक्टर, एकदाच सगळ्या टेस्ट करून टाका,’ असा आग्रह ओपीडीत रोज होतो. पण तपासण्या जितक्या जास्त, तितकी एखादी विनाकारण ‘अॅबनॉर्मल’ येण्याची शक्यता जास्त. मग त्यापायी आणखी तपासण्या, खर्च आणि घोर. आधी नीट विचारपूस, मग हाताने तपासणी. त्यातूनच बऱ्याच शक्यता गळतात आणि मोजक्या चाचण्या पुरतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. अनेक अनावश्यक तपासण्या तिथेच टळतील.