समुद्रात जाणारं पाणी वाया जातं का?

आज एकच शब्द घेऊन बोलायचं आहे : 'वाया'. दर पावसाळ्यात आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, सभेत येतं तसंच चहाच्या टपरीवरही येतं. 'एवढं पाणी समुद्रात वाया जातं हो!' यवतमाळसारख्या, पाण्यासाठी डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यात हे वाक्य कुणी बोललं तर त्याला दोष देता येणार नाही. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं इथे थांबून विचारावं : वाया म्हणजे कुणासाठी वाया?

आधी थोडा भूगोल बघू. आपल्या पुसदची पूस नदी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की नाव होतं प्राणहिता, आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. पुढे आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली, धवळेश्वरमपाशी, गोदावरीला फाटे फुटतात. गौतमी आणि वसिष्ठा हे त्यातले मोठे. या फाट्यांमधली जमीन म्हणजे गोदावरीचा त्रिभुज प्रदेश. शाळेत आपण शिकलो की महाराष्ट्राला त्रिभुज प्रदेश नाही. कोकणातल्या नद्या आखूड, तीव्र उताराच्या, त्यांच्या मुखाशी खाड्या. ते बरोबरच आहे. पण गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. तेव्हा आपल्या मातीलाही त्रिभुज प्रदेश आहे, फक्त तो दुसऱ्या राज्यात आहे.

आता हा प्रदेश टिकतो कसा ते समजून घ्या. नदी समुद्राजवळ आली की तिचा वेग मंदावतो आणि बरोबर आणलेला गाळ खाली बसतो. हजारो वर्षं असा थर साचत जातो. पण ही जमीन पक्की नसते. ती स्वतःच्या भारानं दबते, खचते. लाटा तिची कड खात असतात. दरवर्षी नवा गाळ आला तरच हिशेब जुळतो. म्हणजे त्रिभुज प्रदेश ही एकदा घडून संपलेली वस्तू नाही, ते सतत चालू असलेलं काम आहे. गाळ थांबला की काम थांबलं.

आणि गाळ थांबला आहे. 1970 च्या दशकात गोदावरी दरवर्षी सुमारे 15 कोटी टन गाळ खाली नेत होती. 1990 च्या दशकात तो 6 कोटी टनांच्या आत आला. उरलेला कुठे गेला? धरणांच्या पोटात. पूस, इसापूर, 1976 साली पूर्ण झालेलं जायकवाडी, तेलंगणातलं श्रीरामसागर, अशी ही माळ आहे. त्यात समुद्राची पातळी वाढते आहे आणि तिकडे जमिनीखालचं पाणी व वायू उपसला जातो, त्यानं जमीन आणखी खचते. किनारा मागे सरकतो, विहिरींत खारं पाणी शिरतं, वादळाला अडवणाऱ्या कोरिंगाच्या खारफुटीवरचा ताण वाढतो.

म्हणून धरणं बांधायलाच नको होती का? असं मी म्हणणार नाही. आर्थर कॉटननं 1852 साली धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला म्हणून तर दुष्काळानं पिचलेला तो मुलूख भाताचं कोठार झाला. आणि इसापूरच्या पाण्यावर ज्याचा ऊस-गहू उभा आहे, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू?

इथे एक अवघड प्रश्न आडवा येतो. तो टाळू नये. माती अडवा, पाणी जिरवा, हे आपण सगळे सांगतो. डोंगरउतारावरची माती वाहून गेली तर शेतकरी बुडतो. पण ती अडवली तर खालच्याला गाळ कमी मिळतो! मग दोन्हीकडे चांगलं कसं करायचं? उत्तर असं की शेतातली सुपीक माती आणि नदीपात्रातली वाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किनारा लाटांसमोर धरून ठेवते ती मुख्यतः वाळू, आणि तीच आपण ट्रकनं उपसून घरं बांधतो. मातीचं तर भलतंच झालंय : ती शेतात राहत नाही, समुद्रापर्यंतही पोचत नाही, मधेच जलाशयात अडकते. शेतकऱ्याचं गेलं, धरणाची साठवण गेली, किनाऱ्यालाही काही मिळालं नाही. वाया म्हणायचं तर याला म्हणा.

1987 साली ब्रुंटलँड आयोगानं शाश्वत विकासाची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची वाट बंद करू नये. व्याख्या काळाची आहे. नदी तिला स्थळाची जोड देते. खालच्या अंगाला राहणारा माणूस आपल्यासाठी पुढच्या पिढीसारखाच असतो. आपण जे करू ते त्याच्यापर्यंत पोचतं, त्याचं म्हणणं मात्र आपल्यापर्यंत वर चढून येत नाही. आपल्या परंपरेतली ऋणाची कल्पना इथे उपयोगी पडते. पितृऋण आपण वडिलांना परत देत नाही, ते पुढच्या पिढीला देऊन फेडतो. वरून मिळालेलं खाली देऊन फेडायचं. नदीचं ऋणही तसंच. गोदावरी लवादानं 1980 साली राज्याराज्यांत वाटप केलं ते पाण्याचं. गाळाचा वाटा मागायला कोण येणार होतं?

करता येण्यासारखं काय आहे? जलाशयातला गाळ काढून शेतात टाकण्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 पासून आपल्याकडे आहे. ती गावानं मनावर घ्यावी. नदीच्या वाळूला मोकळा माल समजू नये. तिसरी गोष्ट इजिप्तकडून शिकावी. 1902 सालचं अस्वानचं जुनं धरण पुराचं गढूळ पाणी दारांतून जाऊ देई आणि मागाहून येणारं स्वच्छ पाणी साठवी. 1970 साली वरचं मोठं धरण पुरं झालं, गाळ अडला, आणि नाईलच्या मुखाशी किनारा झपाट्यानं झिजू लागला. आपल्या जुन्या मातीच्या धरणांना तळाशी अशी दारं बसवणं सोपं नाही. पण नवा आराखडा समोर आला की पाणी किती अडेल याबरोबर गाळ कसा जाईल, हेही विचारा. तो प्रश्न विचारायला अभियंता असावं लागत नाही.

आणि पुढच्या पावसाळ्यात पूस दुथडी भरून वाहत असताना शेजारी कुणी म्हणालाच, 'वाया चाललंय', तर त्याच्याशी भांडू नका. फक्त विचारा, 'कुणाकडे चाललंय?'