आभासी संगणकावरील छपाई आणि प्रोसेसरवरील भार



वहीपूजनाच्या दिवशी आज पुष्कळ पेढ्यांवर चोपडीशेजारी संगणकालाही कुंकू लागते. ज्याच्यावर हिशेब सोपविला, त्याचे दुखणे ओळखणे हेही व्यापाऱ्याचे कर्तव्यच होय. अशाच एका दुखण्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर पुष्कळदा चालत नाही आणि जुने हिशेब तर टाकता येत नाहीत. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ते जपावे लागतात. म्हणून काही पेढ्यांवर नव्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने निर्मिलेला दुसरा संगणक ठेवलेला असतो. यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरचा संगणक यजमान, आतला पाहुणा. गोदामात आडभिंत घालून पोटभाडेकरू ठेवावा, तसाच हा प्रकार. पाहुण्यास प्रोसेसरचा ठराविक वाटाच मिळतो.

मग पाच ओळींचे बिल छापावयास दिले की पंखा घोंघावतो, पडदा गोठतो आणि दारात भरलेली गाडी बिलावाचून खोळंबते. बोल लागतो तो कारकुनास, किंवा नवा संगणक मागविला जातो. त्यापूर्वी कारण शोधणे इष्ट.

प्रथम भार कोठे आहे ते पाहावे. टास्क मॅनेजर आत आणि बाहेर, दोन्हीकडे उघडावा. यजमानास संपूर्ण पाहुणा हे एकच काम म्हणून दिसते. सबब केवळ बाहेरून पाहून निदान होत नाही. चार कोअरच्या यंत्रात पाहुण्यास एकच दिला असेल, तर आत 100 टक्के भार असताना बाहेर सुमारे 25 टक्केच दिसेल. छपाई नसतानाही भार असेल, तर दोष छपाईचा नव्हे. डॉसवरील जुने कार्यक्रम कळ दाबली जाण्याची वाट पाहतानाही प्रोसेसरला अखंड राबवितात.

आत 'स्पूलर' नावाची सेवा अग्रभागी दिसल्यास एखादे बिल रांगेत अडकले असण्याचा संभव असतो. रांगेतील बिलांचे क्रमांक टिपून घ्यावेत, स्पूलर सेवा थांबवावी, विंडोजच्या सिस्टम32 मधील स्पूल या फोल्डरातील 'प्रिंटर्स' मधल्या फायली काढाव्यात व सेवा पुन्हा सुरू करावी. फोल्डर मात्र काढू नये. टिपलेली बिले पुन्हा छापावी लागतात.

दुसरे कारण ड्रायव्हरचे. अनेक स्वस्त लेझर प्रिंटर पान स्वतः रेखाटीत नाहीत. ते श्रम संगणकाच्या प्रोसेसरलाच पडतात. बिलावर चिन्हे, छटा व चित्रे असतील तर ते श्रम वाढतात. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट जाणणारा प्रिंटर हा भार पुष्कळ हलका करतो. डॉट मॅट्रिक्सवर बिल चित्ररूपाने न धाडता केवळ अक्षररूपाने धाडल्यास काम फार थोडे राहते. नोटपॅडमधून दोन ओळी छापून पाहाव्यात. त्या झटकन निघाल्या तर दोष बिलाच्या नमुन्यात आहे असे समजावे.

तिसरे कारण प्रिंटरशी चालणारी विचारपूस. पोर्टच्या पानावरील द्विमार्गी संवाद, आणि नेटवर्क प्रिंटर असल्यास 'एसएनएमपी' स्थितीही, बंद करून पाहावी. आत शांतता व बाहेर भार असेल, तर यूएसबी जोडणी सोडून प्रिंटर नेटवर्कच्या पत्त्याने जोडून पाहावा.

एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही. पाहुण्यास दोन कोअर दिल्याने पडदा गोठणे कमी होऊ शकते, परंतु सर्व कोअर दिल्यास यजमान उपाशी राहतो. कोणताही बदल करण्यापूर्वी व्हर्च्युअल मशीन बंद करून तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर अवश्य घ्यावी.

आणखी एक सावधगिरी. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी व विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 रोजी संपला. अशा पाहुण्यास इंटरनेटचे दार बंदच असावे. प्रिंटरपुरती वाट पुरे.

तात्पर्य, तूट दिसली की आपण आधी काटा तपासतो, मग हमालास विचारतो. तोच न्याय येथेही लावावा. निदान आधी झाले, तर खर्च वाचतो आणि निरपराध कारकुनास बोल लागत नाही.