स्लोवर न बसणारे इंजिन : सीमाभागातील एका कारागिरीचा मागोवा

सोलापूरहून हैदराबादेकडे निघालेला रस्ता उमरग्यानंतर आजची सरहद्द ओलांडतो, बसवकल्याणचा फाटा मागे टाकून हुमनाबादेस येतो आणि तेथे बीदर व कलबुर्गी यांना जोडणाऱ्या वाटेस छेदून जहिराबादेकडे उतरतो. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस, भालकी-औरादपासून आळंदपर्यंतच्या मराठी-कन्नड-दख्खनी बोलणाऱ्या मुलखात, मालमोटारींच्या दुरुस्तीची एक विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात चालत आली आहे. त्या विद्येचा संपूर्ण इतिहास लिहिणे हे एका लेखाचे काम नव्हे. म्हणून तिच्यातील एकच तक्रार घेऊन तिचा मागोवा घेण्याचे येथे योजिले आहे. ती तक्रार म्हणजे, 'गाडी स्लोवर बसत नाही.' ड्रायव्हरने पायडलवरचा पाय काढला, म्हणजे जुन्या सहा-सिलिंडरी डिझेल इंजिनाने मिनिटाला साधारण ५०० ते ६०० फेऱ्यांवर येऊन शांतपणे चालत राहावे अशी अपेक्षा असते. ते तसे न करता चढ्या आवाजातच राहते, किंवा खाली येता येता मध्येच अडकते, किंवा एकदा उतरते आणि एकदा उतरत नाही. या एका दोषाचे मूळ प्रत्येक पिढीच्या इंजिनात निरनिराळ्या ठिकाणी सापडत गेले. परंतु ते शोधण्याची जी शिस्त या मुलखातील मिस्त्र्यांनी बांधली ती मात्र बदलली नाही, आणि तिची थोरवी सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

निजामाच्या अंमलात या मुलखात मोटार ही प्रथम पेट्रोलवर आली. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता-वाहतूक खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी कारभार सुरू केला, आणि त्याच सुमारास खाजगी लॉऱ्याही तूर, ज्वारी, कापूस आणि शहाबादी फरशी वाहू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा कोळशाच्या गॅसवर गाड्या हाकण्याचे दिवस हिंदुस्थानात सर्वत्र आले. आणि युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या शेव्हरोलेट, फोर्ड, डॉज या लॉऱ्या लिलावांतून व्यापाऱ्यांच्या हाती पडल्या. या गाड्यांत स्लोची तक्रार आली की दोष बहुधा कार्बोरेटरच्या आसपास असे. कार्बोरेटरच्या बुडाचे गॅस्केट जळालेले, मॅनिफोल्डचा सांधा सैल झालेला, किंवा थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजून रुंदावलेली. यांपैकी कोठूनही चोरवाटेने हवा आत शिरली, म्हणजे फुलपाखरी झडप मिटलेली असूनही इंजिन उतरत नसे. त्या चोरवाटेचा शोध मिस्त्री तेलाच्या कुपीने घेई. चालू इंजिनाच्या सांध्यांवर थेंब थेंब तेल सोडीत जावे आणि कान द्यावा. ज्या ठिकाणी थेंब पडताच इंजिनाचा आवाज पालटे, तेथे हवा शिरते आहे असे निश्चित होई. आवाज कोठेच पालटला नाही, तर ओढून ठेवलेला चोक, थकलेली स्प्रिंग आणि गंजलेली सळई यांची चौकशी होई. झडपेच्या टेकूचा स्क्रू फिरवून आवाज तात्पुरता खाली आणता येत असे, पण तो उपाय खऱ्या मिस्त्र्याने कधी प्रथम केला नाही; कारण मूळ छिद्र तसेच राहून गाडी दुसऱ्या मुक्कामी बंद पडे.

१९४८ च्या सप्टेंबरात सोलापूरकडून निघालेली भारतीय सेना याच रस्त्याने नळदुर्ग, राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद असे मुक्काम घेत हैदराबादेवर गेली आणि संस्थानी अंमल संपुष्टात आला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण हे म्हैसूर राज्यात गेले. ज्या वर्षांत सरहद्दी बदलत होत्या, त्याच वर्षांत गाड्यांची इंजिनेही बदलत होती. टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज व फार्गो निघत होत्या आणि त्यांपैकी पुष्कळांवर पर्किन्सचे पी-६ हे डिझेल इंजिन चढले. १९५१ साली बंगळुरास स्थापन झालेल्या मायको कंपनीने डिझेल पंप आणि नोझल देशातच उपलब्ध करून दिले. अशा रीतीने पेट्रोल मागे पडले, आणि कार्बोरेटरवर हात बसलेल्या कारागिरांस एका सर्वस्वी निराळ्या यंत्राशी ओळख करून घ्यावी लागली.

या काळातील पुष्कळ डिझेल इंजिनांवर हवेच्या ओढीने चालणारा गव्हर्नर, म्हणजे फेऱ्या आवरणारा भाग, असे, आणि स्लोच्या तक्रारीचा सर्वांत उद्बोधक अध्याय हाच आहे. या रचनेत ड्रायव्हरचे पायडल पंपास जोडलेले नसते. ते हवेच्या मार्गातील एका अरुंद गळ्यात बसविलेली झडप उघडते व मिटवते. झडप मिटली की त्या गळ्यात निर्वात ओढ निर्माण होते. ती ओढ एका बारीक नळीवाटे पंपाच्या पाठीवरील पेटीत पोहोचते. पेटीत कातड्याचा पडदा असतो, ज्याला सर्वजण डायफ्राम म्हणतात, आणि तो पडदा पंपाच्या रॅकला, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या पट्टीला, मागे खेचून डिझेल कमी करतो. ओढीच्या विरुद्ध एक स्प्रिंग रॅकला सदैव पूर्ण डिझेलकडे ढकलीत असते. यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे : या गव्हर्नरात इंजिन शांत ठेवण्याचे सारे काम त्या ओढीवर सोपविलेले आहे, आणि ओढ जेथे कोठे गळेल तेथे स्प्रिंगचा जय होऊन इंजिन चढू लागते. नळीला गेलेली केसाएवढी चीर, युनियनचा सैल नट, मॅनिफोल्डचा फुटका सांधा, दांडा झिजल्याने पुरती न मिटणारी झडप, अथवा भेगाळलेला पडदा, या पाचांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे होई.

त्यातही पडद्याचा दोष या पठारावर विशेष आढळे. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच, उन्हाळा कोरडा, आणि इंजिनाच्या कुशीत बसलेल्या पंपाला आतील उष्णता वेगळी. कातड्यास नरम ठेवणारे तेल वेळोवेळी न घातले, तर ते सुकून ताठ होई. ताठ पडदा प्रथम इंजिनास वर-खाली डोलावयास लावी, आणि मग एखाद्या घडीवर चिरे. त्याची परीक्षा पेटी न उघडता करता येत असे. इंजिन बंद असताना बंद करण्याची दांडी पूर्ण खेचून धरावयाची, नळी काढून पेटीचे तोंड बोटाने घट्ट दाबावयाचे, आणि दांडी सोडावयाची. पडदा धडधाकट असेल तर रॅक किंचित सरकून थबके आणि मग अगदी सावकाश पुढे येई. फाटका असेल तर दांडी सोडताच रॅक खाडकन परत फिरे. त्यानंतर पेटी उघडून पडदा उजेडासमोर धरला, म्हणजे घडीत लपलेली चीर सुईच्या टोकाएवढ्या प्रकाशाने आपली जागा सांगे. शागिर्दाचे पहिले शिक्षण बहुधा याच परीक्षेने होत असे, आणि तीत त्याचा उतावीळ हात स्लोच्या स्क्रूकडे वळला की उस्तादाचा दख्खनी हुकूम ठरलेला असे : "स्क्रू कू हात नक्को लगा."

याच गव्हर्नरामुळे एक भयप्रद प्रसंगही ओढवे. भरलेली गाडी चढावर बंद पडून गिअरमध्येच मागे घसरली, तर इंजिन क्वचित उलटे फिरून चालू होई. मग हवा एक्झॉस्टमधून आत आणि धूर हवेच्या फिल्टरातून बाहेर असा प्रकार होऊन गळ्यातील ओढ नाहीशी होई आणि इंजिन बेफाम सुटे. अशा वेळी डिझेल तोडणारी दांडी तत्काळ खेचणे हाच मार्ग, आणि त्यासाठी ती दांडी सदैव मोकळी, तेल दिलेली असली पाहिजे, ही ताकीद त्या पिढीतील ड्रायव्हरांस मिळत असे.

जमिनीचा आणि इंजिनाचा संबंध येथे दुसऱ्या रीतीनेही येतो. बीदरची माती तांबडी, जांभ्या दगडाची. कलबुर्गीकडे उतरावे तो काळी कपाशीची जमीन लागते. उन्हाळ्यात तांबडी धूळ आणि पावसाळ्यात काळा चिखल पायडलच्या बिजागरीत, सळयांच्या गोळीसांध्यांत आणि स्प्रिंगच्या आकड्यांत जाऊन बसतो, त्यावर गळके तेल पडते, आणि त्याचे घट्ट किटण तयार होते. अशा गाडीत पंपाचा काडीमात्र दोष नसतो. पायडल अर्ध्यातून परतत नाही एवढेच. धुळीच्याच भयाने कित्येक मालक तेलाच्या एअर फिल्टरात खुणेपेक्षा जास्त तेल ओतीत; ते तेल हवेबरोबर इंजिनात ओढले जाऊन जळे, आणि डिझेल कमी करूनही आवाज उतरत नसे. म्हणून अनुभवी मिस्त्री गाडी पुढ्यात आली की प्रथम पायडलची सळई इंजिनाकडून सुटी करी. सळई सुटताच इंजिन खाली बसले, तर दोष पायडल, बिजागरी, स्प्रिंग किंवा थंडीत ओढून तशीच राहिलेली हॅण्ड थ्रॉटलची मूठ यांत आहे असे ठरे. न बसले, तर पुढची चौकशी. एका पान्याच्या या कामाने अर्ध्या शक्यता निकालात निघत.

टेल्कोचा जर्मन करार १९६९ साली संपला, आणि पुढील काळात वजनांच्या जोरावर चालणारा यांत्रिक गव्हर्नर मालमोटारींवर सार्वत्रिक झाला. आता पायडल थेट पंपाच्या दांडीस जोडले गेले. पडदा आणि नळी यांची कटकट सरली. परंतु तक्रार नवीन घरी राहावयास गेली. वजनांच्या पिना झिजणे, स्लोची स्प्रिंग थकणे, रॅक अडखळणे ही कारणे पुढे आली. आणि रॅक अडखळण्यामागे पुष्कळदा डिझेलच असे. पिंपात साठविलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरले की प्लंजर आणि बॅरल यांवर गंज धरे. रॉकेलची भेसळ झाली की त्यांस मिळणारे वंगण घटे. पंपाचे काम हा स्वतंत्र धंदा झाला. कलबुर्गी, सोलापूर, हैदराबाद येथील पंपवाले चाचणी-यंत्रावर पंप चढवून प्रत्येक एलिमेंटचे डिझेल नळ्यांत मोजीत, गव्हर्नर जुळवीत आणि शेवटी शिशाचे सील मारीत. ते सील म्हणजे पंपाची कैफियत होय. ते तुटलेले दिसले की मधल्या कोणी हात घातला आहे हे पुढच्या कारागिरास सांगावे लागत नसे. कमाल फेऱ्यांचा स्क्रू बेताल फिरविल्यास इंजिन मर्यादेबाहेर धावून कनेक्टिंग रॉड मोडण्यापर्यंत मजल जाते, म्हणून या सिलाचा मान राखणे हा धंद्याचा धर्म मानला गेला.

स्लोची ही चिंता केवळ कानास गोड वाटावे म्हणून नव्हती. राज्ये वेगळी झाल्यावर या रस्त्यावर सरहद्दीचे नाके, विक्रीकराची तपासणी आणि गावोगावच्या जकाती यांमुळे गाड्या रांगांत तिष्ठत. हंगामात साखर कारखान्यांच्या आणि तुरीच्या बाजारपेठांच्या दारीही तेच दृश्य असे. चढ्या स्लोवर उभे असलेले इंजिन ताशी अधिक डिझेल जाळते, गिअर टाकताना दात खरडते, क्लच झिजविते, आणि उतारावर पाय काढूनही गाडीस पुढे रेटीत राहून ब्रेकवर भार टाकते. पायडल अडकलेली भरली गाडी बाजारपेठेत शिरली तर काय होईल, हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे नाके उठले. त्याच वर्षी बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके देशभर लागू झाली. नव्या मालमोटारीत पायडलपासून इंजिनापर्यंत सळई नाही, केबल नाही. पायडलचा सेन्सर विजेचा संकेत देतो आणि संगणक डिझेल ठरवितो. या गाड्यांतही इंजिन चढ्या फेऱ्यांवर अडकते. कारण पायडलच्या संकेतात विसंगती आली की पुष्कळ गाड्यांचा संगणक, ड्रायव्हर निदान मुक्कामापर्यंत पोहोचावा म्हणून, ठराविक वाढीव फेऱ्या धरून ठेवतो. तेथे स्कॅनर लावावाच लागतो. परंतु स्कॅनरने सेन्सरचे नाव घेतल्यावरही, सुज्ञ कारागीर आधी पायडलखालची माती काढतो, वायरिंगचा जोड उघडून गंज पाहतो, आणि मगच नव्या सेन्सरचा खर्च मालकास सांगतो. उस्तादाने घालून दिलेली वहिवाट येथे यंत्र बदलूनही टिकली आहे.

के.ए. ३८ (बीदर) आणि के.ए. ३२ (कलबुर्गी) या क्रमांकांच्या जुन्या मालमोटारी आजही या मुलखात ऊस, फरशी आणि विटा वाहताना दिसतात, आणि त्यांवर हात बसलेली पिढी आता वृद्ध होत चालली आहे. ज्यांच्याजवळ अशी गाडी आहे त्यांना एवढेच आवर्जून सांगावेसे वाटते : गाडी स्लोवर बसेनाशी झाली, तर इंजिन पुरते तापू द्या आणि मग क्रमाने जा. प्रथम पायडल, बिजागरी, स्प्रिंग, सळई आणि हॅण्ड थ्रॉटल. त्यानंतर एअर फिल्टर, नळ्या आणि हवेचे सांधे. त्यानंतर डिझेलची शुद्धता. आणि सर्वांच्या शेवटी पंप, तोही सील न तोडता, चाचणी-यंत्र असलेल्या कारागिराच्या हवाली. बंद करण्याची दांडी मात्र रोज ओढून पाहावी. आणि शेजारच्या गॅरेजात कोणी वृद्ध उस्ताद अजून कामावर येत असतील, तर त्यांच्याजवळ एखाद्या तरुणास आजच बसवावे. कारण हे ज्ञान त्यांच्या हाताखाली बसूनच मिळते, आणि त्यास फार काळ थांबून चालणार नाही.