हायड्रोजनच्या ज्योतीला लगाम
हायड्रोजन जाळला की केवळ पाणी उरते, हे विधान अर्धेच खरे आहे. टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये मुंबई, पुण्यासह देशातील काही मार्गांवर हायड्रोजन मालमोटारींच्या चाचण्या सुरू केल्या. त्यांपैकी काहींच्या इंजिनात हा वायू प्रत्यक्ष जळतो. त्यात कार्बन नसला, तरी तीव्र उष्णतेने हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. आधीच कोंदटलेल्या शहरांना ती परवडणारी नाहीत.

दुसरी अडचण पेट घेण्याची. हवेतील प्रमाण ४ ते ७५ टक्के असले, तरी हायड्रोजन पेटतो. त्याला मिथेनच्या दशांशाहूनही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते. इंजिनातील तापलेला भागही वेळेआधी भडका उडवू शकतो. येथे पूरक रसायने उपयोगी पडतात. पाण्याची वाफ उष्णता शोषते, शिवाय ज्वलनाची साखळी चालविणाऱ्या हायड्रोजन अणूंना ऑक्सिजनशी बांधून कमी क्रियाशील करण्यास मदत करते. प्रोपीनसारखे हायड्रोकार्बन अल्प प्रमाणातही प्रज्वलन लांबविते, पण त्यासोबत कार्बन परत येतो. अमोनियाने ज्योत मंदावते. मात्र त्यातील नायट्रोजनच ऑक्साइडे वाढवू शकतो. नायट्रिक ऑक्साइडचे वर्तन तर उफराटेच. त्याचा अल्पांशही प्रज्वलन लवकर घडवून आणू शकतो. म्हणजे सिलिंडरमध्ये उरलेला धूर पुढच्या ज्वलनाची घाई करतो.