भाड्यासाठी तयार खोली : आधी हिशेब, मग चौथरा



‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. घर बांधताना माणूस किती मेटाकुटीला येतो, हे त्यांना सांगायचे होते. आता घर न बांधता विकत मिळू लागले आहे. कारखान्यात तयार झालेली खोली ट्रकवर चढते, दारात येते आणि क्रेनने उचलून चौथऱ्यावर ठेवली जाते. लोखंडी सांगाडा, दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेल्या भिंती, दार, खिडकी, दिव्याची वायर, सगळे आधीच बसवलेले. कोणी तिला पोर्टा केबिन म्हणतात, कोणी कंटेनर, तर कोणी नुसतीच पत्र्याची खोली.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. तेव्हापासून ज्या ज्या गावांच्या शिवारात एमआयडीसी आली, तिथे कामगार आले आणि कामगारांना खोल्या लागल्या. चाकण, रांजणगाव, सुपे, वाळूज, शेंद्रा, बुटीबोरी या भागांतल्या शेतकरी कुटुंबांना हे सांगायला नको. जमिनीचा मोबदला हातात आला, किंवा एखाद्या वर्षी कांद्याने साथ दिली, की घरात विषय निघतो : “दोन खोल्या टाकू या का? दरमहा भाडे तरी येत राहील.”

विचार चांगला आहे. शेतीला पावसाचा भरवसा नाही, भाजीला भावाचा नाही. भाड्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. पण असा पैसा कुटुंबाच्या हातात एकदाच येतो. त्यातच मुलांचे शिक्षण असते, मुलीचे लग्न असते, म्हाताऱ्यांचे आजारपण असते. म्हणून खोलीची ऑर्डर देण्याआधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा आणि घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा.

विक्रेत्याचा हिशेब

विक्रेता काय सांगतो ते आधी पाहू. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या भागातले भाव विचारून ते बदलून घ्यावेत.

समजा, मध्ये भिंत घालून दोन खोल्या केलेली केबिन ३,००,००० रुपयांना मिळते. एका खोलीचे भाडे महिना २,५०० रुपये, म्हणजे दोन्हींचे ५,००० आणि वर्षाचे ६०,०००. विक्रेता म्हणतो, “पाच वर्षांत पैसे वसूल, पुढे सगळा नफाच.” हा हिशेब खोटा नाही, पण तो अर्धाच आहे.

उरलेला अर्धा हिशेब

केबिन आली म्हणजे घर झाले नाही. चौथरा, वाहतूक, क्रेन, संडास-मोरी, शोषखड्डा, पाण्याची टाकी, विजेचे मीटर हे सगळे वेगळे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे काहीसे इथे होते. या कामांना आपण १,२०,००० रुपये धरू. एकूण गुंतवणूक झाली ४,२०,०००.

आता भाडे. बाराही महिने दोन्ही खोल्या भरलेल्या राहत नाहीत. ठेका संपला की कामगार जातो. सणाला गावी गेलेला माणूस परत येईलच असे नाही. कोणी महिनाभराचे भाडे बुडवूनही जातो. म्हणून भाडे दहाच महिन्यांचे धरा. ते झाले ५०,०००.

त्यातून रंग, डागडुजी, नळ-कडी यांना ८,०००. घरपट्टी व पाणीपट्टी ३,०००. मोकळ्या खोलीचे वीजबिल आणि किरकोळ खर्च ३,०००. एकूण १४,००० गेले. उरले ३६,०००.

अजून एक वजाबाकी राहिली आहे, आणि तीच बहुतेक घरांत राहून जाते. ती म्हणजे झीज.

जमीन आणि बैलजोडी यांतला फरक शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. जमीन नीट सांभाळली तर नातवाच्याही कामी येते. बैल कितीही गुणी असला तरी एक दिवस थकतो, आणि शहाणा शेतकरी त्याआधीच नव्या जोडीची तजवीज करून ठेवतो. केबिन ही बैलजोडीच्या जातीची आहे. पत्रा गंजतो, जमिनीलगतची कड आधी सडते, तक्तपोशीची प्लाय फुगते, दार खाली बसते. तिची किंमत पहिल्या दिवसापासून उतरू लागते. किंमत वाढली तर ती तिच्याखालच्या जमिनीची वाढते, आणि ती जमीन केबिन नसतानाही आपलीच होती.

समजा, केबिन पंधरा वर्षे टिकली आणि शेवटी मोडीत ६०,००० रुपये आले. तरी ४,२०,००० मधून ६०,००० वजा जाता ३,६०,००० रुपये पंधरा वर्षांत झिजले, म्हणजे वर्षाला २४,०००. ही रक्कम दरवर्षी बाजूला काढली नाही, तर पंधरा वर्षांनी हाती गंजलेला पत्रा राहील आणि मुद्दल केव्हाच खाऊन झालेले असेल.

३६,००० मधून २४,००० गेले. खरा नफा राहिला १२,०००. चार लाख वीस हजारांवर बारा हजार म्हणजे शेकडा तीन रुपयेसुद्धा नाहीत. विक्रेत्याच्या ६०,००० रुपयांवरून पाहिले तर हेच शेकडा चौदाच्या वर दिसत होते. आता जवळच्या बँकेत मुदतठेवीचा दर विचारा आणि तो शेजारी लिहा.

कर्ज काढणार असाल तर आणखी जपून. ३,००,००० रुपये शेकडा १२ दराने घेतले तर पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ३६,००० होते. म्हणजे खर्च वजा जाता उरलेले सगळे भाडे व्याजातच गेले. मुद्दलाचा हप्ता शेतीच्या पैशांतून भरावा लागेल.

मग हा धंदा करूच नये काय?

तसे नाही. तीच केबिन, तोच खर्च, पण जागा अशी की एका खोलीला २,५०० ऐवजी ४,००० भाडे मिळते. दहा महिन्यांचे झाले ८०,०००. खर्चाचे १४,००० गेले, उरले ६६,०००. झिजेचे २४,००० काढले, उरले ४२,०००. म्हणजे शेकडा दहा. एवढ्यावर विचार करायला हरकत नाही.

दोन्ही हिशेबांत खोली एकच आहे, बदलली ती जागा. म्हणून केबिनचे कागद पाहण्याआधी रस्ता पाहावा. कारखान्याच्या फाटकापासून आपल्या जागेपर्यंत पायी चाला. वाटेतल्या दहा घरमालकांना भाडे विचारा आणि किती खोल्यांना कुलूप आहे ते मोजा. ही मोजणी दिवाळीनंतर एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडाला एकदा करावी. दहातल्या तीन खोल्या मोकळ्या असतील तर अकरावी आपण टाकू नये. साखर कारखान्याजवळ असाल तर गाळप हंगामापुरतेच भाडेकरू मिळतील, हे गृहीत धरून महिने मोजा. एकाच कारखान्याच्या भरवशावर असाल तर तो बंद पडला तर काय, हाही प्रश्न वहीत लिहा.

केबिनचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. ती उचलून नेता येते. विटांची खोली चुकीच्या जागी बांधली तर तिथेच राहते; केबिन विकता येते. पण विकताना चौथरा, शोषखड्डा आणि क्रेनचा खर्च परत मिळत नाही.

अमेरिकेत कारखान्यात बांधलेली राहती घरे फार वर्षांपासून आहेत आणि त्यांच्यासाठी १५ जून १९७६ पासून देशभर एकच बांधणी-नियमावली लागू आहे. तिथे पुष्कळांचे घर स्वतःचे आणि खालची जागा दुसऱ्याची असते. जागेचे भाडे वाढत जाते, घर जुने होत जाते, आणि माणूस मध्ये सापडतो. आपल्याकडे जागा स्वतःची आहे, हा आपला फायदा. तो कागदावरही असला पाहिजे.

कागदाची बाजू

“उचलून नेता येते, म्हणून परवानगी लागत नाही,” असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. स्वतःच्या शेतीसाठी शेतघर बांधणे वेगळे आणि शेतजमिनीत भाड्याच्या खोल्या टाकणे वेगळे. जमिनीच्या वापरबदलाचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून आज काय लागते ते तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत विचारून घ्या. पुण्याच्या आसपास असाल तर पीएमआरडीएकडेही चौकशी करा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद झाली म्हणजे मालकी किंवा परवानगी मिळाली असे होत नाही. ती करआकारणीची नोंद आहे.

सातबाऱ्यावर भावांची किंवा बहिणींची नावे असतील तर आधी त्यांची लेखी संमती घ्या. आज भाडे थोडे आहे म्हणून कोणी बोलत नाही. उद्या ते वाढले की घरात दोन चुली होतात.

राज्याचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. तो जिथे लागू आहे तिथे भाड्याचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. आपले गाव त्यात येत नसले तरी लेखी करार करावा, अनामतीची पावती द्यावी आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवावी.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून भाड्यावरही नाही, असे समजू नका. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर शेकडा ३० ची सरसकट वजावट मिळते. बाकी रक्कम हिशेबात दाखवावी लागते.

माणसे राहणार आहेत, हे विसरू नका

पत्र्याच्या खोलीतला सर्वांत मोठा धोका विजेचा आहे. एक वायर सोलली गेली की भिंतीसकट सगळी खोली करंट मारू शकते, आणि पावसाळ्यात ओल्या अंगाने दाराला हात लावणारा माणूस जागीच जातो. म्हणून सांगाड्याला स्वतंत्र, पक्के अर्थिंग करा. शिवाय तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. गळती होताच तो वीज तोडतो. या खर्चात काटकसर करणे म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळणे. शेतीपंपाच्या जोडणीवरून खोल्यांना वीज देऊ नका. ते बेकायदा आहे आणि पकडले गेल्यास दुप्पट दराने आकारणी होते.

दुसरा धोका आगीचा. भिंतीत काय भरले आहे ते लेखी मागा. थर्मोकोलच्या भिंती स्वस्त पडतात, पण पेट लवकर घेतात. रॉकवूल सहज जळत नाही. स्वयंपाकाची जागा शक्यतो बाहेर, विटांच्या आडोशाला द्या.

तिसरी गोष्ट उन्हाची. चैत्र-वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली कोणी टिकत नाही, आणि खोली नेमकी तेव्हाच मोकळी होते. छतावर फूट-दीड फूट अंतर सोडून दुसरे छप्पर घाला, समोरासमोर खिडक्या घ्या, पश्चिमेला झाड लावा. वळवाच्या वाऱ्याने उलटू नये म्हणून केबिन काँक्रीटला बोल्टने बांधून घ्या. काळ्या जमिनीत नुसत्या विटांवर ठेवाल तर पहिल्या पावसाला जमीन फुगेल, उन्हाळ्यात भेगाळेल आणि दारे अडकू लागतील. काळी माती काढून मुरूम भरा, मगच चौथरा करा. शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट दूर ठेवा. संडासाला आतून कडी आणि बाहेर दिवा हवाच; कामाला येणाऱ्या बायका खोली बघताना आधी तेच बघतात.

शेवटी घरच्या बाईचे मत घ्या. पुरुष माणूस शेतात किंवा बाजारात असतो. पाणी संपले, नळ गळतो, शेजारच्या खोलीत भांडण लागले, या तक्रारी तिच्याच दारात येतात. तिच्या या कामाची मजुरी आपण वरच्या हिशेबात धरलेलीच नाही. ती धरून पाहा. शक्य असेल तर भाडे तिच्या बँक खात्यावर जमा होऊ द्या आणि झिजेचे पैसे त्याच खात्यातून दरमहा आवर्ती ठेवीत टाका.

आज रात्री वहीच्या एका पानावर सात ओळी लिहा : एकूण खर्च, दहा महिन्यांचे भाडे, वर्षाचा खर्च, वर्षाची झीज, उरलेली रक्कम, तिचा शेकडा दर आणि बँकेच्या ठेवीचा दर. सहावी ओळ सातवीपेक्षा ठळकपणे मोठी असेल तरच विक्रेत्याला बोलवा. नसेल तर पैसे ठेवीत राहू द्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तो रस्ता चालून या.