चरात घातलेला रुपया किती वाढतो?

डोंगरउतारावर चर खणायला खर्च केलेला एक रुपया गावाला किती रुपये मिळवून देतो, हे कसं शोधायचं? चला नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला!

इथे वर्षाला पाऊस पडतो साधारण 400 मिलिमीटर. म्हणजे कमीच. पण एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं, आणि गावाचं क्षेत्र आहे सुमारे 975 हेक्टर. करा गुणाकार. 390 कोटी लिटर! तरी उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडायच्या, कारण हे पाणी माती सोबत घेऊन उतारावरून पळून जायचं.

1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून पैसा आला, गावकऱ्यांनी श्रमदान केलं. समतल चर खणले, बंधारे बांधले, झाडं लावली. पाणी थांबलं, मुरलं, विहिरींत उतरलं. चारा वाढला, दुभती जनावरं वाढली. पूर्वी गावात दिवसाला जेमतेम 150 लिटर दूध निघायचं, ते पुढे हजारो लिटरवर गेलं.

मग वाढलेल्या कमाईला चरांच्या खर्चाने भागलं की झालं?

छे! श्रमदानाचे घाम गाळलेले दिवस खर्चात धरले का? नाही धरले, तर नफा उगाच फुगलेला दिसेल. शिवाय गावाने कुऱ्हाडबंदी केली, मोकाट चराई थांबवली, शेतीसाठी बोअरवेल आणि ऊस नको असं ठरवलं. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. हे नियम नसते, तर चरांनी मुरवलेलं पाणी चार-दोन बोअरनीच उपसलं असतं. कमाईतला किती वाटा चराचा आणि किती नियमांचा, हे वेगळं काढणं मला सगळ्यात अवघड वाटतं, आणि सगळ्यात मजेचंही!

आणि कमाई वाढली त्या वर्षी नुसता पाऊसच चांगला झाला असेल तर? त्यासाठी अर्थशास्त्रज्ञ तसाच पाऊस, तशीच जमीन असलेलं पण चर नसलेलं गाव शोधतात. दोन्ही गावांची कमाई किती वाढली ते मोजतात आणि एकातून दुसरी वजा करतात. उरलेला फरक चरांचा (आणि नियमांचा).

पण थांबा, ते दुसरं गाव उताराच्या खालच्या अंगाला असेल तर? वरच्या चरांत मुरलेलं पाणी जमिनीखालून झिरपत त्याच्याही विहिरींत पोचू शकतं. मग कमाई दोन्हीकडे वाढेल, वजाबाकीत फरक छोटा दिसेल, आणि रुपयाने खरं कमावलेलं आपण कमीच मोजू!